मागची सगळी जाळी

६ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.१०
बायको बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस तरी लागतील. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, ही दारात उभी राहून सूचना देत होती आणि मी चष्मा शोधत होतो. चष्मा नसला की मला नीट ऐकू येत नाही. कपाळावर हात गेला तेव्हा सापडला, त्यामुळे शेवटचं तेवढं स्पष्ट ऐकलं. "एकवीसला माणूस येतोय कापायला. बाकी सगळं चिठ्ठीत लिहिलंय."

चिठ्ठी फ्रिजवर होती. कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा मारला, सही केली, तारीख घातली आणि 'घर – किरकोळ' या फायलीत लावून टाकली. आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. रिटायर झालो म्हणून शिस्त सुटत नाही. काही लोक आधी कागद वाचत बसतात आणि मग शेरा मारतात. त्यांच्या टेबलांवरचे ढीग मी बघितले आहेत.

सकाळी ८.४०
कापायला म्हणजे काय कापायला?

सकाळी ८.५५
तुती. मागच्या अंगणातली तुती कापणार आहेत.

सगळा उलगडा झाला. झाडावर यंदा जिकडे तिकडे जाळी झाली आहेत. शुक्रवारी शेजारच्या मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांच्या वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर सुरवंट निघाला होता. तो त्यांनी कागदावर घेऊन आणून दाखवला आणि दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. म्हणजे निर्णय तिथेच झाला. संबंधित विभागाचा, म्हणजे माझा, अभिप्राय मागवलेला नाही.

मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नाही. पण मी सकाळचा आणि संध्याकाळचा चहा त्या झाडाखाली घेतो. खुर्ची कुठे ठेवायची हा प्रशासकीय प्रश्न आहे.

संकल्प: एकवीस तारखेच्या आत झाडावरची सगळी जाळी काढायची. माणूस कुऱ्हाड घेऊन येईल, वर बघेल आणि म्हणेल, इथे तर कापण्यासारखं काहीच नाही. पंधरा दिवस आहेत. काम दोन दिवसांचं आहे.

बायकोला फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे आपण ऐकलं नव्हतं हे कबूल करणं आलं.

७ सप्टेंबर, सोमवार
पाहणी केली. फांद्यांच्या शेंड्यांना पांढरी, दाट, पिशवीसारखी जाळी: सात. आत अळ्या वळवळतात. याशिवाय झाड ते भिंत, झाड ते कपड्यांची दोरी आणि झाड ते माझी खुर्ची अशी कोळ्यांची जाळी: असंख्य. तक्ता केला. तक्ता उत्तम झाला, दोन रंगांत.

तक्ता पुरा करून झाडाखाली चहा घेतला. दोन घोट झाल्यावर वरून एक सुरवंट कपात पडला. ही चिथावणी समजण्यात येत आहे.

८ सप्टेंबर, मंगळवार
कार्यवाहीस प्रारंभ. लांब बांबूला झाडू बांधला. बांधायला हिच्या परकराची जुनी नाडी वापरली, कारण सुतळी कुठे ठेवली आहे ते तिलाच माहीत. पहिल्या दोन जाळ्यांपर्यंत बांबू पोचला नाही. तिसऱ्या जाळ्यात झाडू छान घुसला. मी ओढलं. बांबू खाली आला.

झाडू झाडावर आहे. नाडीसकट. जाळ्याच्या बरोब्बर मधोमध रुतला आहे आणि जाळं एका बाजूने चांगलं फाटलं आहे. पहिल्याच दिवशी साधनसामग्री प्रत्यक्ष जागेवर पोचवली, हे काही कमी नाही.

फाटलेल्या जाळ्यातून बरंच काही माझ्या कॉलरमध्ये पडलं.

९ सप्टेंबर, बुधवार
मानेवर गांधी. दोन्ही कानांमागेही. कामास वैद्यकीय कारणास्तव सुट्टी.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. गुडघा ठीक आहे. मग विचारलं, चिठ्ठी वाचली ना? मी म्हटलं, पाहिली. म्हणाली, मग खिडक्यांचं बघताय ना? मी म्हटलं, बघतोय. फोन ठेवून सगळ्या खिडक्या बघितल्या. जागच्या जागी आहेत.

१० सप्टेंबर, गुरुवार
पाण्याचा मारा. नळाला पाइप लावला, तोंड अंगठ्याने दाबलं आणि नेम धरला. तत्त्व अगदी बरोबर होतं. पण सगळं पाणी झाडातून आरपार गेलं आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे मास्तरीणबाई पेपर वाचत बसल्या होत्या.

त्या आल्या. ओला पेपर घेऊन आल्या. पंचवीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे रागावल्या तरी आधी धडा घेतात. कोळी आणि अळ्या हे दोन वेगळे प्राणी आहेत असं मला उभं करून सांगितलं. कोळ्याची जाळी विरळ असतात आणि कोळी आपल्या बाजूचे आहेत, डास खातात, त्यांना हात लावू नका. पांढऱ्या पिशव्या अळ्यांच्या आहेत. त्या फाडून ठेवल्या की पक्षी अळ्या टिपतात, नाहीतर सरळ कापायच्या.

कापायच्या! शेवटी तोंडून निघालंच. मी वरवर मान डोलावली. बाईंचं ज्ञान पुस्तकी आहे. प्रत्यक्ष फील्डवर काम करणाऱ्याला कोळी कोण आणि अळी कोण हे विचारत बसायला वेळ नसतो.

जाताना वर बघून म्हणाल्या, झाडू बरा अडकवलाय. टोमणा होता की कौतुक ते ठरवता आलं नाही. कौतुक म्हणून नोंद करतो.

११ सप्टेंबर, शुक्रवार
एक काळा पक्षी झाडूच्या दांड्यावर बसून फाटलेल्या जाळ्यात चोच खुपसत होता. हुसकावला. पाच मिनिटांत दुसऱ्याला घेऊन परत आला. कामाच्या जागी बाहेरच्यांची ये-जा मला चालत नाही. ऑफिसातही चालत नसे.

१२ सप्टेंबर, शनिवार
साबणाचं पाणी. मोबाइलवर एका गृहस्थांचा व्हिडिओ बघितला. ते फवारतात आणि अळ्या टपाटप पडतात. फवारणीचा पंप होता. साबण म्हणून हिचा शाम्पू घेतला, अर्धी बाटली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

पंपाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे आधी तपासावं असं व्हिडिओत कुठेही सांगितलेलं नाही.

डोळे धुऊन आल्यावर दुसरा प्रयत्न केला. फेस भरपूर झाला. झाडावर थोडा, फरशीवर बाकीचा. त्यानंतर मी फरशीवर बसलो. बसायचं ठरवलं नव्हतं.

कंबर लागली आहे. अळ्यांना वास आवडला असावा, कारण हालल्या नाहीत.

१३ सप्टेंबर, रविवार
पडून आहे. गरम पाण्याची पिशवी. पडल्या पडल्या विचार केला तेव्हा चूक लक्षात आली. चूक पद्धतीत नव्हती. अधिकाऱ्याने स्वतः झाडू धरला हीच चूक. अधिकाऱ्याने आदेश काढायचा असतो.

मंगळवारी माळी येतो. त्याच वेळी मला कंबरेसाठी डॉक्टरांकडे जायचं आहे. लेखी आदेश ठेवून जाईन. सोपं होतं हो सगळं, उगाच मान सुजवून घेतली.

१४ सप्टेंबर, सोमवार
आदेशाचा मसुदा. पाच वेळा लिहिला. ऑफिसात माझी ख्याती होती की माझ्या मसुद्यातून दोन अर्थ निघत नाहीत. साहेब म्हणायचे, तुमच्या मसुद्यातून एक अर्थ निघाला तरी पुरे. त्यांनाही ते किती आटोपशीर असतात ते जाणवत असे.

पहिल्या मसुद्यात 'तुतीच्या झाडावरची' असे शब्द होते. ते काढले. मागच्या अंगणात जाळी झाडावरच असणार, ती काय जमिनीतून उगवणार आहेत? पाल्हाळ नको. 'कोळ्यांची व अळ्यांची' हेही काढलं, माळ्याला प्राणिशास्त्राशी काय करायचंय. अंतिम मसुदा:

'घराच्या मागची सगळी जाळी काढून टाकावी. एकही शिल्लक राहू नये. काढताना फाटली तरी हरकत नाही. काम झाल्यावर हात धुऊन जावे.'

चार वाक्यं. चारही बिनतोड. कागद मागच्या दाराला लावला आहे.

१५ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२.३०
डॉक्टरांनी आठ दिवस वाकू नका म्हणून सांगितलं. घरी आलो. माळी काम उरकून गेला होता. अंगण झाडलेलं, साबणाचा डाग घासलेला. मनात म्हटलं, याला म्हणतात आदेश.

वर बघितलं. सातच्या सात जाळी जागेवर. झाडू जागेवर.

मग खाली बघितलं. भिंतीशी पाच गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या. प्रत्येकीला सुतळी. (सुतळी त्याला सापडली.)

दुपारी १.१५
त्याने मागच्या चारही खिडक्यांची डासांची जाळी काढली आहे. पाचवी बाथरूमच्या झरोक्याची. तिच्यासाठी शिडी लावली असणार. पट्ट्या उपटल्या आहेत, दोन ठिकाणी जाळी टराटरा फाटली आहे आणि फाटली तरी हरकत नाही हे मीच लिहून दिलेलं आहे.

फोन केला. माळी शांत माणूस आहे. म्हणाला, "साहेब, मलाही जरा नवल वाटलं. पण कागदावर होतं, एकही शिल्लक राहू नये." मग म्हणाला की झरोक्याची राहून जात होती, पण एकही म्हणजे एकही. आणि हातही धुतले.

मी त्याला सांगितलं की जाळी म्हणजे जाळं, जाळं, त्यातली जाळी. तो म्हणाला, हो, तीच काढली ना. पुन्हा कधी लावून देशील विचारलं. पुढच्या मंगळवारी, बावीसला.

मसुदा तीनदा वाचून बघितला. त्यात चूक नाही. चूक वाचणाऱ्याची आहे.

१६ सप्टेंबर, बुधवार
सकाळी आरशात बघून दचकलो. मानेवरच्या गांधी जरा उतरल्या होत्या, आता कपाळावर डासांच्या आल्या आहेत. खिडक्या लावून बसलो तर घामाने जीव जातो. उघडल्या तर येणारे विचारत नाहीत.

१७ सप्टेंबर, गुरुवार
पुस्तकांच्या कपाटाच्या कोपऱ्यात एक जाळं. पंख्यापासून ट्यूबलाइटपर्यंत दुसरं. अंगणातल्या खुर्चीजवळचा जाडा कोळी मला ओळखीचा आहे, पुढचा एक पाय आखूड. तो आज फ्रिजवर होता.

पण दुसरीकडे झाडावर जाळी चारच उरली आहेत! नीट मोजली. काळे पक्षी आता सात-आठ येतात आणि झाडूच्या वाटेने आत शिरून एकेक पिशवी फोडतात. म्हणजे झाडू त्यांना बसायला मिळावा म्हणूनच मी तो वर ठेवला होता. त्या वेळी हे इतक्या स्पष्ट शब्दांत मांडलं नव्हतं एवढंच.

झाडावरचे कोळी घरात बदलीवर आले आहेत. तक्त्यात नवीन रकाना केला.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
झाड: तीन. घर: अकरा.

संकल्प होता झाडाचा. घराचा नव्हता. प्रगती समाधानकारक.

१९ सप्टेंबर, शनिवार
बायकोचा फोन. सोमवारी सकाळी येते म्हणाली. माणूसही दहाला येईल. मी म्हटलं, तू स्वतः हजर राहणार? म्हणाली, हो, पाच-दहा मिनिटांचं तर काम. कापून झालं की चहा घेऊ.

पाच-दहा मिनिटं. बावीस वर्षांचं झाड, आणि कापून झालं की चहा. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, आवाज का असा येतोय? मी म्हटलं, लाइन खराब आहे.

दुपारी जेवण गेलं नाही. खुर्ची घेऊन झाडाखाली बसलो. या घरात आलो त्या आठवड्यात ही तुती लावली. तेव्हा ती काठीच होती. मी काठी सरळ धरली होती आणि ही पाणी घालत होती, आणि मी म्हटलं होतं की हे काही जगत नाही. रिटायर झालो त्या दिवशी हार, नारळ आणि घड्याळ घेऊन घरी आलो आणि कुठे बसावं ते कळेना, तेव्हा इथेच येऊन बसलो होतो. हीसुद्धा बाहेर आली, दुसरी खुर्ची टाकून बसली. तिला हे आठवत नसेल का?

वाईट वाटतंय. नोंद असावी.

२० सप्टेंबर, रविवार
झाड: दोन. दोन्ही अगदी शेंड्याला. शिडी लावणार होतो, पण डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय आणि शिडी उचलायला वाकावं लागतं.

आता एकच मार्ग. निवेदन तयार केलं आहे, चार परिच्छेद. पहिल्यात झाडाचा पूर्वेतिहास, दुसऱ्यात जाळ्यांची आकडेवारी (सातवरून दोन!), तिसऱ्यात सावली, चौथ्यात विनंती. उद्या खोडाला पाठ लावून उभा राहीन आणि वाचून दाखवीन. माणूस कुऱ्हाडवाला असला तरी शेवटी माणूसच. आणि तिच्या समोर वाचायचं आहे. तिला सरळ सांगायला मला कधी जमलेलं नाही, निवेदन जमेल.

२१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.३०
क्रमाने लिहितो.

९.५० ला बायको आली. मी तोपर्यंत खोडाला पाठ लावून उभा होतो, त्यामुळे बॅग तिलाच आत न्यावी लागली. ९.५८ ला माणूस आला. त्याच्याकडे कुऱ्हाड नव्हती. एक लांब दांड्याची कात्री होती आणि एक पोतं. मी पहिला परिच्छेद वाचला. त्याने टोपी काढून अदबीने ऐकला. मग म्हणाला, "काका, जरा डावीकडे सरकता का?"

सरकलो. त्याने वर बघितलं, कात्री उचलली आणि टोकाच्या दोन बारीक फांद्या कटकट कापून पोत्यात घातल्या. जाता जाता झाडूही काढून दिला, नाडी सोडवून हातात ठेवली. म्हणाला, काकूंनी सात शेंडे सांगितले होते, इथे दोनच निघाले, कोणीतरी चांगलं काम केलेलं दिसतंय. घड्याळात बघितलं. चार मिनिटं.

झाड उभं आहे. अख्खं. मी दुसरा परिच्छेद खिशात घातला. खुर्चीत बसलो. फार बरं वाटत होतं, इतकं की उगाच त्या माणसाला निवेदनाची एक प्रत देऊन टाकली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. मोठा नव्हता. आवाज लहान असतो तेव्हाच जास्त सांभाळायचं असतं. पंख्यावरचं जाळं, कपाटावरचं, तिच्या मसाल्याच्या डब्यावरचं, आणि चारही खिडक्या उघड्या बोडक्या. ती मागच्या दारात आली. तिथे माझा आदेश अजून लावलेला होता. तो तिने वाचला. भिंतीशी उभ्या पाच गुंडाळ्या बघितल्या. माझं कपाळ बघितलं. मग विचारलं, "माझी चिठ्ठी कुठे आहे?"

'घर – किरकोळ' फाइल आणली. फायलीवर आखूड पायाचा कोळी बसला होता, त्याला आधी बाजूला केलं. चिठ्ठी अशी:

'झाडाला हात लावू नका. २१ ला माणूस येईल, अळ्यांची जाळी झालेले तेवढे शेंडे कापून नेईल. तुम्ही फक्त मागच्या खिडक्यांची जाळी नीट बसलेली आहे ना ते बघा, दिवस डासांचे आहेत. चहा झाडाखालीच घ्याल हे माहीत आहे, तर कपावर बशी ठेवा.'

आणि कोपऱ्यात, सुवाच्य अक्षरात, 'पाहिले'. सही माझीच. तारीख ६.

उभ्या उभ्या दोनदा वाचली. शेवटची ओळ तिसऱ्यांदाही. ती सगळं लक्षात ठेवून होती, आणि मी पंधरा दिवस तिच्या हातात मनातल्या मनात कुऱ्हाड दिली होती. तसं तिला सांगितलं. सगळं सांगितलं, निवेदनाशिवाय. ती आधी हसली नाही, मग इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. म्हणाली, "अहो, ते झाड कापायचं असतं तर आधी तुमची खुर्ची नसती का हलवली?"

पेन काढलं. 'पाहिले' वर रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं: 'वाचले.' सही, तारीख २१.

तिने खांद्यावरून वाकून बघितलं. म्हणाली, "चिठ्ठी वाचली. वाचलं ते झाड."

माझ्या शब्दांतून दोन अर्थ निघत नाहीत. या वेळी निघाले आणि दोन्ही बरोबर आहेत. शेरा तसाच ठेवला आहे.

दुपारी १२.००
चहा झाला. झाडाखाली, दोन खुर्च्या, दोन बश्या. माळ्यासाठी उद्याची चिठ्ठी ती स्वतः लिहिते आहे. मला तोंडी आदेश मिळाला आहे: घरातली सगळी जाळी, आजच. झाडू तोच. नाडी आधी धुऊन द्यायची आहे.